कट्यारीवरची तीन पानं

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज क्रांती मॅडमनी मला एक अख्खी फाईल दिली! चौदा महिने कराडच्या या वकिलीच्या ऑफिसात मी टायपिंग, झेरॉक्स आणि तारखांची नोंद एवढंच करत होते. आज म्हणाल्या, "राहीताई, या कामातला पुरावा तुम्ही गोळा करायचा." मी वरवर शांत राहिले. जिन्यात आल्यावर मात्र एकटीच हसले.

अशील कडेगावचे चांदसाहेब शिकलगार. कट्यारी, सुऱ्या, अडकित्ते घडवतात. मुठीजवळ पात्यावर त्यांचा ठसा असतो, एका देठावर तीन पानं. हाच ठसा आपला आहे म्हणून दुसऱ्याच एका व्यापाऱ्याने ट्रेडमार्कच्या नोंदणीला अर्ज केला आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो कारखान्यातला माल आणून त्यावर हीच तीन पानं उठवतो. वर चांदसाहेबांनाच नोटीस पाठवली, ठसा मारणं थांबवा म्हणून.

मला समजलं ते असं. ट्रेडमार्क म्हणजे मालावरची खूण, जी बघून गिऱ्हाइकाला कळतं की हा माल कुणाच्या हातचा. नोंदणी केली की हक्क पक्का होतो. पण ज्याने ती खूण आधीपासून वापरली आहे त्याचा हक्क दुसऱ्याने नोंदणी केल्यामुळे बुडत नाही. फक्त आधीपासून वापरली हे दाखवावं लागतं. समोरचा म्हणतो तो १९९४ पासून वापरतो. आपला विरोध मुदतीत दाखल झाला आहे. आता दहा मार्चच्या आत आपला पुरावा प्रतिज्ञापत्राबरोबर गेला पाहिजे. नाही गेला तर विरोध सोडून दिला असं धरतात, आणि तीन पानं त्याची.

मॅडमनी बजावलं की अशिलाला आपल्या मनाने सल्ला द्यायचा नाही, तो वकिलाने द्यायचा. अशिलाची गोष्ट ऑफिसच्या बाहेर न्यायची नाही. आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं नाही ते कागदावर आणायचं नाही. डायरी ऑफिसच्या बाहेर धरायची का, ते विचारायचं राहिलं. तोवर ती कपाटात कुलपात.

९ जानेवारी, गुरुवार

विट्याच्या गाडीने कडेगावला गेले. चांदसाहेब साठीचे, बारीक अंगाचे, बोलणं थोडं. त्यांच्या बायकोचं, नूरजहांभाभींचं, बोलणं दोघांच्या वाटचं. मुलगी आसिया भट्टीवर बापाच्या बरोबरीने काम करते.

मी विचारलं, ठसा कधीपासूनचा?

"अब्बांच्या आदीपासनं हाय," चांदसाहेब म्हणाले. "आजोबा मारायचे, अब्बा मारायचे, मी मारतो."

मी तसंच लिहून घेतलं. पावत्या?

"पावती?" भाभी हसल्या. "आवं बाई, लगीनघरची माणसं कट्यार घिऊन जात्यात, जाताना बत्तासं ठिवून जात्यात. पावती कोण मागतंय!"

नोटीस आल्यापासून त्यांनी एकाही पात्यावर ठसा मारलेला नाही. कोपऱ्यात कोरी पाती रचून ठेवलेली. भाभी म्हणाल्या, लोक येतात, पातं उलटंपालटं करतात, ठसा नाही बघून निघून जातात. चांदसाहेबांनी मला विचारलं, "मारू का न्हाई आता ठसा?"

"मारा की, भिता कशाला!" मी बोलून गेले. मग जीभ चावली. हे माझ्या मनाचं बोलले, मॅडमना विचारा, असं सांगून तिथूनच फोन लावून दिला. मॅडमनी त्यांना, समोरच्याच्या अर्जाचं काय होतं ते कळेपर्यंत थांबा, असं सांगितलं. मला संध्याकाळी म्हणाल्या, "आठवलं तरी तुम्हाला."

खरी गोष्ट पुढेच आहे. निघताना भाभी कुरकुरत होत्या, "कागद न्हाई म्हंत्यात. आवं, ह्या मुलखात नवरदेवाच्या हातात कुणाची कट्यार असती? टोकाला लिंबू खुपसून हळदीपासनं अक्षता पडूस्तवर कोण हातात धरतंय?"

मी दारातच थांबले. नवरदेवाच्या हातात कट्यार, आणि नवरदेवाचा फोटो! फोटोला लग्नपत्रिका, आणि पत्रिकेवर तारीख! गावोगावच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा ठसा तारखेसकट बसलेला असणार. गाडीत बसल्या बसल्या मॅडमना फोन केला. त्या चक्क ओरडल्या, "राहीताई!" एवढंच. घरी येईपर्यंत मी तरंगत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे लिहायला सवड नाही. सुट्टी असली की मी आणि माझी पिशवी. लोक मला आता अल्बमवाली बाई म्हणतात. अल्बम दाखवायला कुणी नाही म्हणत नाही, पण आधी सगळा बघावा लागतो. मानपान, जेवणाची पंगत, रुसलेला मामा, सगळं. कोंडीबा पवारांनी मात्र अल्बम उरावर धरून ठेवला. "त्यात माझं क्यास लय व्हतं," म्हणाले. "आता बघून लोक हसत्याल." त्यांच्या बायकोने, रंगूबाईंनी, तो ओढून घेतला. "द्या हिकडं. क्यास बघाय न्हाई आल्या त्या, कट्यार बघाय आल्यात."

ठसा दिसतो असे नऊ फोटो मिळाले. २००६, २००९, २०१४ असे पुढचे. सगळ्यात जुना कोंडीबांचाच, १९९९ चा. त्यात दोनच पानं दिसतात, तिसरं अंगठ्याखाली गेलं असावं. आणखी एक २००१ चा आहे, त्यातही दोनच. तिथे लिंबाची सावली पडली असेल. पण १९९४ च्या आधीचा एकही नाही. तेव्हा गावाकडच्या लग्नात फोटोग्राफर फार नसत, आणि जे फोटो होते ते कुठे ओल लागून, कुठे वाळवीने गेले.

एक आधीचा मिळाला तर आपलं काम झालं. एकच.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक अल्बम मी बघितलाच नव्हता. माझा.

हे गेल्यापासून चार वर्षं तो पेटीतून काढला नाही. मी रडणारी बाई नाही. भाजीवाल्याकडे अर्धा किलो म्हणता म्हणता जीभ अडते, पाव किलो पुरतो, एवढंच. पण अल्बम ही वेगळी गोष्ट आहे. आज सकाळी अंघोळ करून बसले आणि उघडला.

१७ मे १९९२. मामंजींनी कट्यार कडेगावहून आणली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणताना त्यांनीच सांगितलं होतं की शिकलगारांची आहे, धार बघा. आणि हे बोहल्यावर उभे, मुंडावळ्या जरा तिरक्या, कट्यार छातीशी. हनुवटीवरचा व्रण स्पष्ट दिसतो, लहानपणी बैलाच्या शिंगाचा. मी बराच वेळ हनुवटीच बघत बसले. मग पातं बघितलं. मुठीजवळ काहीतरी आहे. भिंग लावलं. एक काळसर डाग. पान म्हणा, धूळ म्हणा.

तरी धावत ऑफिसात नेला. मॅडमनी खिडकीपाशी नेऊन बघितला. "दिसत नाही, राहीताई."

"पण मला माहीत आहे ना."

"माहीत असणं वेगळं, दिसणं वेगळं. शिवाय तुम्ही इथे कामाला आणि पुरावा तुमच्याच घरचा. समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल."

खरं आहे. पण १९९२! समोरच्याच्या दोन वर्षं आधी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिळाला! मिळाला!!

आठवडाभर चैन नव्हती. सोमवारी मलकापूरला कृष्णातभावजींच्या स्टुडिओत फोटो घेऊन गेले होते. माझे धाकटे दीर, फोटोंचं सगळं त्यांच्याकडे. त्यांना सगळी हकिगत सांगितली, नाहीतर त्यांना काय शोधायचं ते कळणार कसं? कागदावर ठसा काढूनही दाखवला, देठ असा, तीन पानं अशी. आज त्यांनी बोलावलं.

"वैनी, डोळं मिटा," म्हणाले. "आता उघडा."

काय सांगू! फोटो काल काढल्यासारखा. मुंडावळ्यांचा मोती न् मोती वेगळा. आणि मुठीजवळ देठ आणि तीन पानं, कोरून ठेवल्यासारखी!

"कसं काय केलंत हो?"

"मी काय न्हाई केलं. मशीनच करतंय सगळं. अंधूक असलं तरी तितं काय असाय पायजे ती त्येला बराबर कळतंय." मग हळूच म्हणाले, "दादासाठी करतुय म्हणून दोन दिवस दुसरं कामच घेतलं न्हाई, वैनी."

ह्यांचा चेहराही किती उजळ आलाय. अगदी पंचविशीतला, गुळगुळीत, सिनेमातल्यासारखा. व्रण तेवढा दिसत नाही, उजेडात गेला असेल. मी घरी येऊन दोघांना नमस्कार केला, ह्यांना आणि त्या मशीनला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम काल सातारच्या कोर्टात होत्या म्हणून आज दाखवला. मला वाटलं होतं खुर्चीवरून उठतील. त्यांनी फोटो हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"मूळ फोटो कुठे आहे?"

"घरी आहे."

"तो आणून फाईलला लावा. आणि चांदसाहेबांना सोमवारी बोलवा. सही करायच्या आधी त्यांनी प्रत्येक फोटो स्वतः बघायचा. तुम्ही मध्ये काही बोलायचं नाही."

बस्स. शाबास नाही, काही नाही. कामाच्या ओझ्याने माणूस कोरडं होतं. मला थोडं वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. आनंद एवढा आहे की पुरून उरतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचं सगळं आत्ताच लिहून ठेवते. नंतर आपल्या सोयीने आठवायला नको.

चांदसाहेब आणि आसिया अकराला आले. मॅडमनी दहाही फोटो टेबलावर मांडले. चांदसाहेब एकेक उचलून बघत होते. १९९९ चा बघून म्हणाले, "ही अब्बांची." २००६ चा, "ही माझी." कशावरून सांगतात ते मला कळेना, पण मला गप्प राहायचं होतं. मग माझा फोटो. चष्मा पुसला. परत बघितला.

"ही माझी हाय. पर नवरदेव जुना दिसतुय. लगीन कवाचं?"

"ब्याण्णवचं," मॅडम म्हणाल्या.

"मग न्हाई. ब्याण्णवला अब्बा व्हते की. अब्बांची दोन पानं."

"दोन पानं म्हणजे?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"आवं, आजोबांचं एक पान व्हतं. आजोबा गेल्यावर अब्बांनी दुसरं वाढवलं. अब्बा दोन हजार चार साली गेलं, तवा मी तिसरं वाढवलं. बाप हाय तवर पोरानं पान वाढवायचं न्हाई. आमच्यात तसंच हाय."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कवापासनं इचारलंसा. काय व्हतं ती कुणी इचारलंच न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढे कोंडीबांचा अंगठा आला, आणि लिंबाची सावली. मी उठून बाहेर गेले, भावजींना फोन लावला. मशीनला काय दाखवलंत? "तुमीच दिलेला कागद, वैनी. त्येच्यावरनंच तर काढलं त्येनं." म्हणजे पानं त्या मशीनने काढली. मी दिलेल्या कागदावरून. मग तो चेहरा? तोही त्यानेच. मी नऊ दिवस एका परक्या माणसाला नमस्कार करत होते.

आत येऊन मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कुणाकडे नेला, काय सांगितलं, कागद दिला. सगळं, अशिलासमोर. मॅडमनी फोटो उचलून बाजूला ठेवला आणि चांदसाहेबांना म्हणाल्या, "ही चूक आमच्या ऑफिसची आहे. तुमची गोष्ट बाहेर गेली आणि खोटा फोटो तुमच्या सहीपर्यंत आला. तुम्हाला फाईल दुसऱ्या वकिलाकडे न्यायची असेल तर मी आत्ता देते."

चांदसाहेब आसियाकडे बघत राहिले. आसियाच म्हणाली, "अब्बा, बोला की."

"काय बोलू? दिसलं म्हणून सांगितलं. न्हाईतर मी आंगठा द्यून मोकळा व्हणार व्हतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या मालकांच्या हातात अब्बांचीच कट्यार व्हती, ह्यात बदल न्हाई. कागदावर नगं, पर तुमी ध्येनात ठेवा."

आणि तेवढ्यात मॅडम ताडकन उठल्या! समोरच्याचा अर्ज काढला, चित्रावर बोट ठेवलं. "राहीताई, इथे किती पानं आहेत?"

"तीन."

"आणि तो म्हणतो कधीपासून वापरतो?"

"चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णवला या जगात तीन पानांचा ठसा कुठे होता?"

मला समजायला जरा वेळ लागला. आसिया आधी ओरडली. "चोरला! आमचाच बघून चोरला, आन् कवाचा बी सांगतुय!" म्हणजे कोंडीबांच्या फोटोत जे मला कमी वाटत होतं तेच आमच्या कामाचं. १९९९ ला दोन पानं, २००१ ला दोन, २००६ ला तीन. मध्ये अब्बांच्या मृत्यूचा दाखला. आम्हाला चौऱ्याण्णवच्या मागे जाण्याची गरजच नव्हती. माझा फोटो गेला असता तर चौऱ्याण्णवच्या आधी तीन पानं होती असं आम्हीच लिहून दिलं असतं, आणि त्याचं खोटं आमच्याच सहीने खरं झालं असतं.

ते गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, मी उद्यापासून येत नाही. त्या म्हणाल्या, "उद्या साडेदहाला या. काय घडलं ते एका पानावर लिहून द्या, फाईलला लागेल. भावजींना काय काय सांगितलं तेही लिहा. आणि त्यांना जाऊन सांगा, यातलं अवाक्षर बाहेर जाता कामा नये. पुढचं नंतर बघू."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ते एक पान लिहायला तीन तास लागले. पहिल्या वेळी लिहिलं, "उत्साहाच्या भरात." मॅडमनी ते शब्द खोडले. "कारण नको, घडलं ते लिहा." दुसऱ्या वेळी नुसतं घडलं ते लिहिलं. छोटं झालं आणि जास्त लागलं.

संध्याकाळी मलकापूरला गेले. भावजींना वाईट वाटलं. "मी तर चांगलंच कराय गेलतो."

"मीही," मी म्हटलं. चहा घेतला आणि आले.

५ मार्च, बुधवार

दाखल झालं! पाच दिवस आधी! चांदसाहेबांनी प्रत्येक परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "उपलब्ध सर्वात जुने छायाचित्र १९९९ चे आहे" असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तिथे आल्यावर म्हणाले, "हां. ही खरं." मग सही केली, अंगठा नाही. सही करायला आसियाने शिकवलं म्हणे, आठवडाभर.

ऑनलाइन दाखल करायचं बटण मॅडमनी मला दाबायला लावलं. पोचपावतीचा नंबर मी तीनदा मोठ्याने वाचला.

१९ जून, गुरुवार

समोरच्याने अर्ज मागे घेतला!!!

त्यांचा पुरावा यायची वेळ होती. पुराव्याऐवजी दोन ओळींचं पत्र आलं. मॅडम म्हणाल्या, लगेच नाचू नका, हा निकाल नव्हे, आता आपला स्वतःचा अर्ज करायचा, मालाच्या आठव्या वर्गात, म्हणजे हत्यारं आणि सुऱ्यांच्या. मी हो हो म्हणत होते आणि नाचतही होते. मॅडमनीही टेबलावर ताल धरला होता, मी बघितलं.

फोनवर चांदसाहेबांना मॅडमनीच सांगितलं. मग पलीकडून भाभींचा आवाज, "काय झालं वो? हे भट्टीम्होरं जाऊन उभं ऱ्हायल्यात नुसतं."

२३ जून, सोमवार

अर्जाला जोडायला ठशाचा स्वच्छ फोटो हवा. मॅडम म्हणाल्या, "जा. आणि यावेळी मशीनला विचारू नका." आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदाच त्यावरून हसलो.

मी पोचले तेव्हा आसियाने कोरी पाती ओळीने मांडून ठेवली होती. चांदसाहेबांनी ठसा टेकवला, हातोडा उचलला आणि मध्येच थांबले. "बाई, एक इचारू? ही तीन पानं आता सरकारात लागणार. माझ्या मागनं आसिया चार मारंल. त्येचं काय?"

मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. जिभेवर आलं होतं. "मी वकील नाही," मी म्हटलं. "मॅडमना विचारून सांगते."

"चार पानांची घाई कुणाला लागलीया हितं?" भाभी आतून ओरडल्या. "गप तीन मारा!"

मारली. पहिल्या पात्याचा आवाज झाला तसे शेजारचे दोघेतिघे दारात आले. मग पाठोपाठ आवाज. मी पाती पुढे करत होते, आसिया धरत होती. शेवटचं पातं होईपर्यंत चारची गाडी गेली, तरी कुणाला भान नाही.

पहिली कट्यार मूठ बसवून माझ्याकडे दिली, ऑफिसात फोटो काढायला. पोचपावती मी लिहून दिली आणि चांदसाहेबांनी ती घडी करून टोपीत ठेवली. एस.टी.त कुणाला टोक लागू नये म्हणून भाभींनी परसातलं लिंबू आणून खुपसलं.

पाचच्या गाडीत बसायला जागा मिळाली, पण कट्यार ठेवायची कुठे? पिशवीत मावेना. हातातच धरून बसले. सगळी गाडी बघतेय. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लगीन कुणाचं?"

"अर्जाचं," मी म्हटलं. तो तिकीट फाडता फाडता थांबला, मग हसला.

तासाभराचा रस्ता, खड्डे, लिंबू सारखं घसरतंय. आमच्या लग्नात हे कट्यार दोन दिवस कशी धरून बसले असतील? नक्की दमले असतील आणि सांगितलं नसेल. तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

कराड येईपर्यंत मी लिंबू पडू दिलं नाही.